संशयाचे मान्यताप्राप्त बारा प्रकार

माणसाच्या आयुष्यात श्रद्धेला जागा आहे आणि संशयालाही आहे. फरक एवढाच की दोहोंपैकी कशालाच गुण मिळत नाहीत. संशयाचे तर घरोघरी गुण कापलेच जातात. परंतु त्या वर्षी इंग्लंडातल्या लेखापालांच्या संस्थेने एक परिपत्रक काढलं आणि संशयाला शंभरापैकी वीस गुण देऊन टाकले. आजवर इतका मान त्याला कोणी दिला नव्हता.

परिपत्रक त्रिनिदादला पोचलं ते कार्निव्हल संपल्यावर चौथ्या दिवशी, म्हणजे देश नुकता कुठे शुद्धीवर येत असताना. त्यात तीन कलमं होती. परीक्षा यापुढे कागदावर न होता संगणकावर होईल. सहातले आवडतील ते चार प्रश्न सोडवा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची चैन बंद. त्याऐवजी एकाच कंपनीचं एक लांबलचक प्रकरण असेल आणि ते तीन आठवडे आधी सर्वांना वाचायला मिळेल. तिसरं कलम असं की, सदर प्रकरणाकडे उमेदवाराने ‘व्यावसायिक संशयाने’ पाहिल्याचं दिसून आलं पाहिजे. दिसून आलं पाहिजे, हे महत्त्वाचं. नुसता मनात संशय असून भागणार नव्हतं, तो तर बऱ्याच जणांच्या मनात असतो.

कूव्हा गावच्या नारळ-काथ्या मंडळाचा प्रभारी लेखापाल लेनॉक्स सीपॉल याने हे परिपत्रक तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा वाचायला घेतलं.

‘प्रभारी’ या शब्दाविषयी थोडं सांगायला हवं. आमच्या सरकारी खात्यांत माणूस एखाद्या खुर्चीवर बसला म्हणजे ती त्याची होत नाही. तो तात्पुरता बसलेला असतो आणि तात्पुरता बसूनच निवृत्त होतो. लेनॉक्स अकरा वर्षं तात्पुरता होता. दर तीन महिन्यांनी त्याला पुढच्या तीन महिन्यांचं पत्र येई. अशी चव्वेचाळीस पत्रं त्याने एका फाइलीत लावली होती, आणि त्या फाइलीवर त्याने ‘कायम’ असं लिहिलं होतं.

तेरापैकी बारा पेपर त्याचे कधीच सुटले होते. घोडं पेंड खात होतं ते तेराव्यापाशी. त्यात तो सहा वेळा नापास झालेला. आणि आता सात वर्षांची मुदत भरत आली होती. डिसेंबरच्या परीक्षेत हा पेपर सुटला नाही, तर आधीचे बारा रद्द. शिवाय मंडळाच्या डिरेक्टरसाहेबांचा भाचा नुकताच टोरोंटोहून प्रमाणपत्र आणि थंडीचा कोट घेऊन परतला होता, आणि मामाच्या केबिनबाहेर तो कोट घालूनच बसत होता. लेनॉक्स नापास झाला की फेब्रुवारीच्या एक तारखेला खुर्ची भाच्याची, आणि लेनॉक्स परत काथ्याच्या गोदामात कारकून. काथ्याने त्याला शिंका येत. वय एक्केचाळीस.

यावर उपाय एकच होता : गिटन्स सर.

ऑल्डविन गिटन्स सरांचा क्लास शागुआनासला टायरच्या दुकानावर चालतो. बावीस वर्षं सरांनी एकच विषय शिकवला, तो म्हणजे प्रश्न ओळखणं. आमच्या बेटावर अभ्यास म्हणतात तो हाच. सर मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुढ्यात मांडत, डोळे मिटत आणि म्हणत, “घसारा येणार. विलीनीकरण सोडा.” पोरं विलीनीकरण सोडत. ते आलं की सर म्हणत, “सोडा म्हणालो, ते मनाची तयारी म्हणून.” अशा रीतीने सरांचा अंदाज एकदाही चुकला नाही.

नव्या पद्धतीत मात्र ओळखायला काही उरलंच नव्हतं. प्रकरण तर संस्था आधीच हातात देणार. सर दोन आठवडे क्लासला आले नाहीत. कोणी म्हणालं, टोबॅगोला गेलेत. कोणी म्हणालं, प्रार्थना करतायत. तिसऱ्या आठवड्यात ते आले आणि त्यांनी टेबलावर एक हिरवं पुस्तक ठेवलं : ‘संशयाचे मान्यताप्राप्त बारा प्रकार’. (मान्यता सरांचीच होती.)

पुस्तकाबरोबर माहितीपत्रकही निघालं. त्यानुसार क्लासच्या शेहेचाळीस विद्यार्थ्यांपैकी बेचाळीस टक्के बढतीसाठी, एकतीस टक्के आईवडिलांच्या समाधानासाठी, एकोणीस टक्के कॅनडाला जाण्यासाठी आणि पंधरा टक्के लग्न जमावं म्हणून परीक्षेला बसत होते. (माहितीपत्रकाच्या तळाशी ‘तपासले’ असा गोल शिक्का आहे, म्हणून आकडे जसेच्या तसे दिले.)

बारा प्रकार सगळेच इथे देता येणार नाहीत, सरांचे हक्क राखीव आहेत. वानगीदाखल :

प्रकार १. संचालकांनी सांगितलं म्हणून खरं धरू नये.

प्रकार ४. मोजणी कोणी केली, असं विचारावं.

प्रकार ७. पुढल्या वर्षीचा अंदाज फार आशावादी आहे, असं म्हणावं. (अंदाज वाचण्याची गरज नाही.)

प्रकार ९. अधिक माहिती हवी, असं म्हणावं. (कोणती, ते सांगू नये, सांगितल्याने संशय पातळ होतो.)

प्रकार १२. वरीलपैकी काहीच बसत नसल्यास, ‘हे जरा जास्तच चांगलं वाटतं’ असं लिहून पुढे जावं.

पहिल्याच दिवशी कॅरिसा नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीने हात वर केला. “सर, हे बाराच का? म्हणजे, कुठून आले हे?”

सरांनी चष्मा काढला. “बाई, हाच तो प्रश्न. यानेच गुण जातात.”

“पण सर, संशय घ्यायचा ना?”

“परीक्षेत घ्यायचा. माझ्या वर्गात कोणाला संशय आला, तर दार तिकडे आहे. लिहून घ्या : प्रकार पाच.”

लेनॉक्सने लिहून घेतलं. सहा वेळा आपटलेल्या माणसाला सरांचा आवाज ऐकूनच बरं वाटत होतं.

सराव म्हणून रोज घरी निदान पाच संशय घ्यावेत आणि वहीत नोंदवावेत, असा नियम झाला. पहिल्या महिन्यात क्लासने एकूण सहा हजार नऊशे संशय घेतले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक नवराबायकोंमधले होते. एकाने सासूबाईंनी वाढलेल्या कॉलालूच्या भाजीला प्रकार चार लावला. तो आता भावाकडे जेवतो.

राहता राहिला संगणक. क्लासमध्ये संगणक नव्हते. तेव्हा सरांनी पुठ्ठ्यावर कळफलक छापून घेतले आणि प्रत्येकाला एकेक दिला. संध्याकाळी शेहेचाळीस जण तासभर पुठ्ठ्यावर बोटं आपटत आणि सर मधून फिरत. टंकलेखनाच्या चुकांचं प्रमाण पहिल्या दिवसापासून शून्य होतं. पुठ्ठ्यावर खोडण्याची कळ मात्र सरांनी मुद्दामच छापली नव्हती. “लिहिलेलं खोडायचं नाही,” ते म्हणत. “खोडणाऱ्याचा स्वतःवरच संशय असतो, आणि त्याला गुण नाहीत.” लेनॉक्स ऑफिसात दिवसभर खऱ्या संगणकावर काम करी आणि संध्याकाळी पुठ्ठ्यावर सराव करी. ऑफिसातल्या संगणकाचा परीक्षेशी काही संबंध असेल, असं त्याच्या मनातही आलं नाही.

नोव्हेंबरात प्रकरण आलं. चौतीस पानं. बिस्किटं करणारी एक काल्पनिक कंपनी, तिचे चार विभाग, त्यांतल्या एकाचा विस्तार करायचा आहे, कोणता ते सुचवा. अकराव्या पानावर तक्ता होता : एकूण विक्रीत कोणत्या विभागाचा वाटा शेकडा किती. सरांनी अख्खं प्रकरण तोंडपाठ करून घेतलं. टायरच्या दुकानावरून संध्याकाळी परवचा ऐकू येई : “उत्तर अडतीस! दक्षिण एकोणतीस! पूर्व बावीस! पश्चिम अठरा!” खाली टायर बदलणाऱ्यांनाही पाठ झालं.

आता मौसी. लेनॉक्सची आई तो चार वर्षांचा असताना गेली. त्याला वाढवलं तिच्या बहिणीने, सुमिन्त्रा मौसीने. कूव्हाच्या बाजाराशी तिची डबल्सची गाडी आहे. तळलेल्या दोन मऊ पुऱ्या, मध्ये चणे, वर मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून दोन मिनिटांत हातात. या गाडीवर लेनॉक्सचं शिक्षण झालं आणि याच गाडीवर मौसी अकरा वर्षं लोकांना सांगत आली होती की आमचा लेनू लेखापाल आहे. प्रभारी हा शब्द ती गाळत असे.

परीक्षेआधीच्या शनिवारी सकाळी लेनॉक्स गाडीवर नाश्त्याला गेला, तर मौसीने त्याच्या नाकासमोर एक कागद नाचवला. “लेनू, हा तुझा का रे?”

“मौसी! अगं परीक्षेचं प्रकरण ते! तू त्यात डबल्स बांधतेस?”

“तूच टाकलंस ना रद्दीत. पाठ झालं म्हणालास. दहा पानं गेली गिऱ्हाइकांबरोबर, हे अकरावं बघितलं आणि हात थांबला माझा. या बिस्किटवाल्यांचे वाटे किती म्हणालास?”

लेनॉक्सने डोळे मिटले. “अडतीस, एकोणतीस, बावीस, अठरा.”

“शंभरातले ना?”

“शेकडा म्हणजे शंभरातलेच, मौसी.”

“मग कर की बेरीज.”

“बेरीज कशाला? इंग्लंडहून आलंय ते.”

मौसीने झारा खाली ठेवला. झारा खाली ठेवला की तिचं भाषण असतं, हे गाडीवरच्या सगळ्यांना माहीत होतं. “अरे माझ्या राजा, माझ्याकडे शंभर गिऱ्हाइकं आली. कोणी म्हणतं मिरची नको, कोणी म्हणतं जराशी, कोणी मध्यम, आणि कोणी म्हणतं जाळ कर. चारी मिळून शंभरच होणार ना? इथे होतात एकशे सात. म्हणजे सात जण न सांगता खाऊन गेले! हे लोक एक तर लबाड आहेत, नाही तर आंधळे. आणि तू यांना सल्ला देणार कोणता विभाग वाढवा म्हणून?”

लेनॉक्सने तिला शांतपणे समजावलं, “मौसी, हा संशय यादीत नाहीये.”

“कोणाच्या यादीत?”

“गिटन्स सरांच्या.”

“आण त्यांना एकदा गाडीवर बसायला.”

रांगेतला एक टॅक्सीवाला हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, “मौसी, तुझा साहेब पक्का झाला का गं एकदाचा? की अजून कच्चाच?”

“तळतोय,” मौसी म्हणाली. “तू तुझी मिरची सांग.”

पण बोलताना तिने लेनॉक्सकडे पाहिलं नाही. प्रभारी हा शब्द ती गाळत आली होती, पण बाजारात सगळ्यांना तो ठाऊकच होता. लेनॉक्सला फार लाज वाटली. डबल्स त्याने तसंच हातात धरून ठेवलं.

त्या संध्याकाळी शेवटच्या तासाला त्याने सरांना भीतभीत विचारलं, “सर, त्या अकराव्या पानावरच्या तक्त्याची बेरीज… म्हणजे समजा, शंभर होत नसली तर?”

“कोणता प्रकार हा?”

“तेरावा म्हणता येईल, सर.”

सरांनी पुस्तक मिटलं. “सीपॉल, तू सहा वेळा का नापास झालास, ते मला आज कळलं,” ते म्हणाले. पंचेचाळीस जण हसले. कॅरिसासुद्धा.

परीक्षा सान फर्नांडोच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. हॉलमध्ये इतका गारठा होता की डिरेक्टरांच्या भाच्याचा कोट तिथेच काय तो शोभला असता. शेहेचाळीस जण पडद्यांपुढे बसले आणि सवयीने कळा इतक्या जोरात आपटू लागले की पर्यवेक्षक बाईंनी दोनदा शांततेचं आवाहन केलं. प्रश्न अपेक्षेप्रमाणेच होता : कोणता विभाग वाढवावा, आणि दिलेल्या माहितीवर कितपत विसंबावं?

लेनॉक्सने लिहिलं, उत्तर विभाग वाढवावा, कारण त्याचा वाटा शेकडा अडतीस आहे. कारणांची चार पानं झाली. मग प्रकार एक ते बारा, ओळीने, एकही न गाळता. सगळं संपलं तेव्हा कोपऱ्यातल्या घड्याळात अडतीस मिनिटं शिल्लक होती. आजवर सहा परीक्षांत त्याला कधी अडतीस मिनिटं उरली नव्हती. तो हात चोळत बसला आणि बसल्या बसल्या त्याला मौसीचा झारा दिसू लागला.

करून बघायला काय जातं, असं म्हणून त्याने पडद्यावरचं गणकयंत्र उघडलं. एकशे सात. पुन्हा केलं. एकशे सात. मग टेबलाखाली बोटांवर केलं, तेही तेवढंच आलं. आणि मग त्याला खरी धडकी भरली. कारण तक्ता खोटा असेल, तर अडतीस खोटे, अडतीस खोटे तर उत्तर विभाग खोटा, आणि मग अडीच तासांत लिहिलेलं सगळं पाण्यात. ते ठेवून खाली ‘तक्ता चुकीचा आहे’ असं लिहावं, तर आपल्याच हाताने आपलं थोबाड फोडल्यासारखं. न लिहावं, तर मौसीला काय सांगायचं? इकडे आड, तिकडे विहीर, आणि वर घड्याळ. सर म्हणाले होते, खोडायचं नाही. पण सर काथ्याच्या गोदामात येणार नव्हते.

‘गेलो तर गेलो,’ तो मनाशी म्हणाला आणि खोडण्याची कळ शोधू लागला. ती त्याला सापडेना. अकरा वर्षं ऑफिसात त्याने सर्वांत जास्त तीच कळ वापरली होती, पण चार महिन्यांच्या पुठ्ठ्याने बोटांना ती विसरायला लावली होती. एक मिनिट गेलं. सापडली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. त्याने ती दाबली आणि दाबूनच धरली. चार पानं गेली, बारा प्रकार गेले, पडदा पांढरा झाला.

मग त्याने लिहिलं : ‘अकराव्या पानावरील शेकड्यांची बेरीज एकशे सात होते. वरचे सात कोण, हे कळल्याशिवाय कोणताही विभाग वाढवू नये. चारही विभागांची बिलं मागवावीत, तक्ता ज्याने केला त्याला समोर बसवून पुन्हा करून घ्यावा, आणि त्याने आणखी कुठे कुठे बेरजा केल्यात ते पाहावं. ज्याला शंभर मोजता येत नाहीत, त्याच्या हाती नवा कारखाना देऊ नये.’ माहितीचा स्रोत नमूद करावा असा नियम होता, म्हणून खाली लिहिलं, ‘स्रोत : श्रीमती सुमिन्त्रा, खाद्यव्यवसाय, कूव्हा’. वेळ संपला.

निकाल जानेवारीच्या मध्यावर लागला. क्लासचे पंचेचाळीस विद्यार्थी नापास झाले. संशयाच्या रकान्यात सर्वांना शून्य होतं. तपासनिसांचा शेरा असा : ‘संशय अत्यंत नीटनेटके होते, मात्र पंचेचाळीस ठिकाणी त्याच क्रमाने आले.’ तक्ता संस्थेने मुद्दामच चुकीचा दिला होता, परीक्षा त्याचीच होती. लेनॉक्स सीपॉलला एकूण त्रेपन्न, म्हणजे पास, संशय वीसपैकी एकोणीस. (एक गुण का गेला, कळत नाही. मौसीच्या मते तो तपासणाऱ्याने खाल्ला.)

पंधरा दिवसांनी आलेल्या पत्रात मुदत लिहिलेली नव्हती. मंडळाच्या रंगाऱ्याने दारावरच्या पाटीतला ‘प्रभारी’ खरवडून काढला. उन्हात तो अजून पुसट दिसतो. डिरेक्टरांच्या भाच्यासाठी उपलेखापालाची नवी जागा काढण्यात आली आणि तिथे तो प्रभारी आहे. मौसीने त्या दिवशी टॅक्सीवाल्याला मुद्दाम गाठलं, न विचारता त्याच्या डबल्सवर जाळ केला आणि म्हणाली, “पक्का झाला!” मग झारा ठेवून पदराने डोळे पुसत बसली, आणि रांग खोळंबली.

गिटन्स सरांचा प्रांजळपणा मान्य केला पाहिजे. महिन्याभरात त्यांनी दुसरी आवृत्ती काढली : ‘संशयाचे मान्यताप्राप्त तेरा प्रकार’. तेरावा असा : ‘तक्त्याची बेरीज शंभर होत नाही, असं लिहावं. (बेरीज करण्याची गरज नाही.)’ पुठ्ठ्यावर खोडण्याची कळही आली, लाल रंगात. जूनच्या परीक्षेत तक्त्याची बेरीज बरोबर शंभर होती. चव्वेचाळीस जणांनी ती होत नाही असं लिहिलं. एकट्या कॅरिसाने खरंच बेरीज करून पाहिली. शंभर आली. पण पुस्तकात तर येत नाही असं होतं, तेव्हा तिने गणकयंत्रावर संशय घेतला.

क्लासच्या माहितीपत्रकावर आता लेनॉक्सचा फोटो असतो. बाकीचा मजकूर पूर्वीचाच. रद्दीच्या गठ्ठ्यातून त्यातली शंभरेक मौसीच्या गाडीवर येऊन पडली. परवा सकाळी ती म्हणाली, “लेनू, हे बघ. कोण बढतीसाठी, कोण कॅनडाला. इथेही सात जास्त भरतायत की रे!”

लेनॉक्स आता कायम होता. घाईत होता. त्याने डबल्सचा घास घेतला आणि म्हणाला, “मौसी, ते तपासलेलं असतं गं. खाली शिक्का आहे बघ.”

वाचकांना यावर हसू येईल. जरूर हसावं. तेच आकडे वर, शिक्क्यासकट, तुमच्याही हाती दिले होते. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढे आलात. मौसीचं म्हणणं, अशा सज्जनांची रांग लागलेली असते, म्हणूनच सात जण रोज न सांगता खाऊन जातात.